आन्शेलमामाचं पाणी

आमचे जावईबापू लेंबर्गला शिकलेले डॉक्टर. चष्मा लावतात, जर्मन पेपर वाचतात, आणि माझ्याशी बोलताना असं हळूहळू बोलतात की जणू मी बहिरी आहे. परवा शनिवारी शब्बाथचं जेवण झाल्यावर पेपरची घडी करत म्हणाले, "सासूबाई, कुठल्याशा खेड्यात एक पोर हरवलं, तर लोक म्हणतायत यहुद्यांनी सणाच्या भाकरीत घालायच्या रक्तासाठी मारलं. खटला उभा राहिलाय. अज्ञान हो, निव्वळ अज्ञान. गावोगावी शाळा निघाल्या की बघा, हे सगळं जाईल."

अज्ञान! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "जावईबापू, तुमच्यासारखाच एक शिकलेला डॉक्टर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. त्याला सगळं ठाऊक होतं. तो खिडकीत उभा राहून बघत होता." ते म्हणाले, "कधीची गोष्ट?" मुलगी म्हणाली, "आई, आता नको ना, मुलं ऐकतायत." मी ताटं आवरायला लागले. पण तेव्हापासून आतल्या आत खदखदतंय, तर आता सांगूनच टाकते. ऐका, माझा मामा आन्शेल पाणक्या याची गोष्ट.

आमचं झाब्लोत्का गाव टेकडीवर. विहीर टेकडीच्या पायथ्याशी, नदीच्या अंगाला. ज्या कोणी गाव वसवलं त्याला डोंबलाचं डोकं नव्हतं, असं मामा म्हणायचा, आणि पुढे हसून म्हणायचा, "पण त्याचं डोकं चाललं असतं तर मी काय खाल्लं असतं?" कारण खालचं पाणी वर आणणं हाच त्याचा धंदा. खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना लाकडी बादल्या. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला, मानेवर घट्टा पडलेला. यहुदी गल्लीतही तोच पाणी भरायचा आणि वरच्या बाजारातल्या ख्रिस्ती घरांतही तोच. पाद्रीबाबांच्या स्वयंपाकघरात तो, कास्पर खाटकाच्या ओट्यावर तो, आमच्या धर्मगुरूंच्या, रब्बींच्या पडवीत तो. माझे आईबाप लवकर गेले, तेव्हा मामा-मामींनी मला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

मामाला वाचता यायचं नाही म्हटलं तरी चालेल. प्रार्थनाघरात त्याची जागा सगळ्यात मागे, दाराशी, जिथे थंडीत वारा लागतो. पण वर्षातून एक दिवस त्याचा असायचा. वल्हांडण सणाच्या बेखमीर भाकरीसाठी पाणी आदल्या संध्याकाळी भरून, झाकून, तसंच ठेवायचं असतं. ते मामा आणायचा. त्या दिवशी मामा धुतलेला सदरा घालून पुढे, आणि खुद्द रब्बी त्याच्या मागे, बादलीत काडी पडतेय का बघत. मामा चढावर मुद्दाम हळू चालायचा. घरी आल्यावर मामी चिडवायची, "आज तुमच्या कावडीला शिंगं फुटलीत वाटतं!" तो म्हणायचा, "अगं, वर्षभर मी त्यांच्या मागे बसतो. एक दिवस त्यांना माझी पाठ बघू दे की."

आता आमच्यातली एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच घसरलं. आमच्यात घरात माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी बाहेर ओतून टाकतात. पिंप, घागर, चुलीवरचं आधण, सगळं. शेजारच्या घरांतलंही. मृत्युदूत आपली सुरी त्या पाण्यात धुतो, असं बायका म्हणायच्या. माझी मामी, त्रायना तिचं नाव, ती निराळंच सांगायची. "वाईट बातमी तोंडाने देऊ नये गं. पाणी ओतावं. गल्लीत ओल दिसली की माणसाला कळतं, कोणीतरी गेलं. मग ज्याचा तो येतो, न बोलावता." बातमी कळायची ती अशी, पायाला.

मामाच्या धंद्यात याचा अर्थ एकच. माणूस कोणाचंही जावो, खांदा मामाचा. सकाळी घाम गाळून भरलेली पिंपं दुपारी मोरीत. पुन्हा उतार, पुन्हा चढ. आणि मेलेल्याच्या घरी नि त्याच्या शेजाऱ्यांकडे भरलेल्या त्या पाण्याचं तो काही घ्यायचा नाही. मामी कधी कधी कुरकुरायची. तो म्हणायचा, "त्यांचं माणूस गेलं, माझं पाणी गेलं. जास्त कोणाचं गेलं, सांग बघू."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आपोलोनिया राहायची. ख्रिस्ती, विधवा, धुणं धुणारी. तिची भिंत आणि लाइझर मोच्याची भिंत एकच. आमची निम्मी गल्ली तिच्याकडे कपडे द्यायची, आणि शब्बाथला आम्ही विस्तवाला हात लावत नाही म्हणून थंडीत आमच्या चुली तीच पेटवायची. तिला एक मुलगी, झुझिया, पाच-सहा वर्षांची, केस अगदी कणसाच्या तुऱ्यासारखे. मामी तिला शब्बाथच्या वेणीपावाचं टोक राखून ठेवायची. गल्लीत कोणी गेलं की आपोलोनियाही तिचं पाणी ओतायची. शेजारच्याने ओतायचं असतं, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. स्वतःच्या छातीवर क्रूस काढायची आणि पिंप कलंडवायची. मामा तिला म्हणायचा, "आपोलोनियाबाई, तुम्ही अर्ध्या यहुदी झालात." ती म्हणायची, "मेल्या, पाणी भर आणि चालू लाग." अशी आमची सलोख्याची माणसं.

मग पटकी आली.

मी तेव्हा लग्नाची झाले होते, त्यामुळे सगळं नीट आठवतं. उन्हाळा होता. रशियाकडून साथ आली म्हणत होते. सकाळी धडधाकट हिंडणारा माणूस संध्याकाळी निळा पडून आडवा. विहिरीजवळच्या नाक्यावर सैनिक बसवले, आणि नाक्याच्या माडीवर जिल्ह्याहून आलेला सरकारी डॉक्टर. पांढरे हातमोजे, नाकाला व्हिनेगरचा रुमाल. एके दिवशी त्याने आपल्या माणसाकडून विहिरीत चुन्यासारखी कसलीशी पांढरी पूड टाकवली, पाणी शुद्ध व्हायला म्हणून. विहिरीचं झाकण जड. तिथे कोण होतं? मामा. "ए पाणक्या, झाकण धर," साहेबाने हुकूम सोडला. मामाने धरलं. पूड पडली. काठावर थोडी सांडली ती दिवसभर तशीच पांढरी दिसत होती.

आमच्या गल्लीत माणसं मरत होतीच, काय, आमची कातडी वेगळी आहे? लाइझरचा बाप गेला, शाळेतले गुरुजी गेले, बेकरीवाल्या बाईच्या दोन्ही सुना गेल्या. आणि प्रत्येक वेळी पाणी ओतलं गेलं. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत ओली. ऐन उन्हाळ्यात चिखल. आणि मामा बिचारा उतरतोय, चढतोय, उतरतोय, चढतोय. वरच्या बाजारातले लोक गल्लीच्या तोंडाशी उभे राहून तो चिखल बघायचे. आम्हाला वाटायचं, बघतायत, हळहळतायत. कसली हळहळ! कास्पर खाटीक दुकानातून मोठ्याने म्हणाला, "पाणी चांगलं असेल तर कोणी ओततं का? ओततायत, कारण त्यात काय आहे ते त्यांना ठाऊक आहे." झालं. इतकं पुरलं. दाराआड रडणाऱ्या बायका कोणाला दिसल्या नाहीत, प्रेतं दिसली नाहीत, दिसलं फक्त ओतलेलं पाणी.

त्यातच लाइझर मोच्याची बायको गेली. मामा पाणी घेऊन वर आला तो आपोलोनियाच्या दारावरून. ती कपडे पिळत होती. मामा म्हणाला, "बाई, शेजारीण गेली. पिंप ओतून टाका, मी ताजं आणून देतो." नेहमीचंच बोलणं. तिने ओतलं. मामाने भरून दिलं. दुसऱ्या दिवशी झुझियाला उलट्या सुरू झाल्या.

आपोलोनियाने काही खोटं सांगितलं नाही, एवढं मी तिच्या बाजूने बोलेन. ती विहिरीवर आली, मटकन खाली बसली आणि हंबरडा फोडून म्हणाली, "काल आन्शेलने जुनं पाणी ओतायला लावलं, नवं दिलं, आणि आज माझी पोर गेली हो!" पोर गेली नव्हती. पण आईचंच काळीज ते, त्याला काय बोलायचं. पुढचं काम बाकीच्यांनी केलं. एक म्हणाली, "मी त्याला पांढरी पूड टाकताना पाहिलं." दुसरी म्हणाली, "मीपण. झाकण त्यानेच उचललं होतं." पाहिलं होतंच की त्यांनी! पूड, झाकण, मामा, तिन्ही खरं. मधला साहेब तेवढा त्यांच्या डोळ्यांतून गळून पडला. साहेब कसे विष टाकतील? साहेब लोक हातमोजे घालतात.

त्या दिवशी बाजार होता. मी विहिरीखालच्या दगडावर धुणं धूत होते. मामा भरलेली कावड घेऊन वळला तर समोर कास्पर आणि त्याच्यामागे हा जमाव. कास्परच्या अंगावर दुकानातलाच एप्रन, रक्ताने माखलेला. आणि रक्तासाठी पोरं मारतात म्हणे, ते आम्ही!

"ठेव खाली, यहुद्या," कास्पर म्हणाला.

मामाने कावड ठेवली. "काय झालं कास्परशेठ? आज तुमच्या घरचं आधी हवंय का?"

"विहिरीत काय टाकलंस?"

"बादली," मामा म्हणाला. "रोज टाकतो. सकाळपासून टाकतोय."

मागून कोणीतरी हसलं. हसणं तेवढंच. कास्परने आपोलोनियाला दंडाला धरून पुढे आणलं. "सांग हिच्यासमोर. हिला पाणी ओतायला तूच सांगितलंस ना?"

"मीच सांगितलं. शेजारी मयत झाली होती."

"ऐकलंत?" कास्पर ओरडला. "आपोलोनिया, बोल, यानेच सांगितलं ना?"

"हो, पण तो तर दर वेळी..."

तिचं ते 'पण' कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं. आजही ऐकू येतं. ती ते दुसऱ्यांदा म्हणू शकली असती, तिसऱ्यांदा ओरडून म्हणू शकली असती. नाही म्हणाली. डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाशी धरून मागे सरकली.

तेवढ्यात कोणी सांगितलं म्हणून मामी पळत आली, एका पायात चप्पल नाही. तिने जमावाकडे एकदा पाहिलं आणि सरळ नाक्याच्या माडीकडे धावली. डॉक्टर खिडकीत उभा होता, रुमाल नाकाला. मीही तिच्यामागे गेले. मामी खालून हात जोडून म्हणाली, "साहेब, पूड तुमची होती. एवढंच सांगा. नुसतं एवढं म्हणा, की पूड सरकारची होती. ते तुमचं ऐकतील."

तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, आत्ता मी तोंड उघडलं तर मलाच विहिरीत ढकलतील."

"तुमच्याकडे सैनिक आहेत! त्याच्याकडे नुसती कावड आहे!"

त्यावर तो माणूस काय म्हणाला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाला, "तुम्हा लोकांना याची सवय आहे. निभावून न्याल." आणि खिडकी लावली. पण पडदा नाही ओढला. काचेतून बघत राहिला.

हे माझ्या जावयाचं अज्ञान! त्या माणसाने विद्यापीठं पालथी घातली होती.

इकडे कास्परने मामाच्याच बादलीत पत्र्याचा मग बुडवला होता. "पी."

मामाने मग घेतला. "एवढंच होय? अहो, मग आधी सांगायचं. चढावर घसा कोरडाच होतो." आणि गटागटा प्यायला. कास्परने परत भरला. मामा परत प्यायला. परत. परत. पाणी त्याच्या दाढीवरून ओघळत होतं. मध्ये एकदा थांबून म्हणाला, "वर्षानुवर्षं हेच पाणी तुमच्या रश्शात जातंय कास्परशेठ, कधी तक्रार नाही केलीत." आवाज थट्टेचा होता, पण एक हात त्याने विहिरीच्या काठावर टेकवला होता. माझ्या हातात ओलं धुणं होतं आणि ते मी इतकं पिळलं की चादर टरकली.

सगळे वाट बघत राहिले. देवळाची दुपारची घंटा झाली. मामा उभाच. त्याला ढेकर आली. मला वाटलं, सुटला. प्यायला, मेला नाही, म्हणजे पाण्यात काही नाही. कोणालाही कळेल. शेंबड्या पोराला कळेल.

कास्पर म्हणाला, "त्याच्याकडे उतारा आहे. घरून खाऊन आलाय."

आणि लोकांनी माना डोलावल्या! मी डोळ्यांनी पाहिलं. ज्यांच्या घरी मामा रोज जायचा, ज्यांच्या पोरांना बादलीत पाय बुडवू द्यायचा, त्यांनी माना डोलावल्या. मग कास्परने कावड उचलली, गुडघ्यावर ठेवून मोडायला गेला. मोडेना. ॲश झाडाचं जुनं, चिवट लाकूड ते. दोघांनी धरून विहिरीच्या काठावर आपटली तेव्हा मोडली. अर्धी कावड त्यांनी मामाच्या पाठीत घातली. मामा पडला नाही. वाकून त्याने दोन्ही तुकडे गोळा करून बगलेत धरले आणि नुसत्या हातांनी बादल्या उचलून चढ चढू लागला. मागून दगड येत होते. मामी त्याच्यामागून चालत होती, आपली पाठ मध्ये घालून.

दोन-तीन दिवसांनी मामाला पटकी झाली. होणारच होती. जावईबापू आता सांगतात की हा रोग पाण्यातूनच येतो, विहिरीत घाण झिरपते आणि पिणाऱ्याला धरते. म्हणजे विहिरीत विष होतंच म्हणा. सगळ्या गावाच्या परसांतलं होतं, टेकडीवरून खाली झिरपलेलं. आणि कास्परने ते माझ्या मामाला मग भरभरून पाजलं. गावात बातमी गेली तेव्हा लोक काय म्हणाले असतील? म्हणाले, "बघा! सांगत नव्हतो? त्या पाण्यात विष होतंच!" जगला तर उतारा, मेला तर विष. मला कोणीतरी सांगा, मामाने नक्की काय करायला हवं होतं? चाळीस वर्षांवर झाली, मला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि कोणाकडे आहे असंही वाटत नाही.

अखेरच्या दुपारी मामा शुद्धीवर होता. गाल आत गेलेले, आवाज घशातून खरवडल्यासारखा. मामी त्याचे पाय चोळत होती. तो म्हणाला, "त्रायना, माझ्यामागे पाणी ओतू नकोस हं."

"गप्प बसा. ओतणार. सगळ्या गल्लीने ओतायचं. तुम्ही एवढी सगळ्यांची भरलीत."

"अगं, पण मग परत भरणार कोण?" आणि त्याही अवस्थेत त्याचे ओठ हलले. हसत होता.

"मी भरीन," मामी म्हणाली. "शपथ आहे. तुमचं पाणी ओतलं जाईल."

तो गेला. मामीने त्याचे डोळे मिटले, उठली आणि पडवीतल्या पिंपाला दोन्ही हात घातले. तोवर दारात रब्बी आणि प्रार्थनाघराचे पंच उभे. रब्बींनी तिच्या हातावर हात ठेवला.

"त्रायना, नको."

"नको म्हणजे?"

"गल्लीच्या तोंडाशी कास्परची माणसं काठ्या घेऊन बसलीत. ओल दिसायची वाट बघतायत. आपल्या बापजाद्यांना ऱ्हाइन नदीच्या काठी अशाच विहिरीत विष घातल्याच्या आळावरून जाळलं, मुली. गल्ल्याच्या गल्ल्या. तेव्हाही साथच होती, तेव्हाही हेच बोलत होते. मी जुन्या प्रार्थनांमधून त्या गावांची नावं दरवर्षी वाचतो. झाब्लोत्काचं नाव त्यात घालायचं नाही मला. जिवंतांचा जीव आधी."

मामी म्हणाली, "वल्हांडणाच्या भाकरीचं पाणी आणताना तुम्ही यांच्यामागे चालायचात, रब्बी."

रब्बी रडत होते. पण हात काढला नाही. पंचांनी दुसऱ्या बाजूने पिंप धरून ठेवलं. एका बाईला थांबवायला इतकी माणसं लागली. मला त्यांचा राग येतो, आणि त्यांच्यावर रागावले की माझाच राग मला येतो, कारण काठ्या काही त्यांच्या हातात नव्हत्या. त्या दिवशी आमच्या गल्लीत पहिल्यांदा एक माणूस गेला आणि जमीन कोरडी राहिली. गल्लीतल्या निम्म्या लोकांना कळलंसुद्धा नाही. ज्याने आयुष्यभर सगळ्यांच्या मरणाचं पाणी वाहिलं, त्याच्यासाठी एक तांब्या ओतला गेला नाही. ते पिंप मामीने कधी प्यायला वापरलं नाही. झाकून ठेवलं. त्यावर शेवाळ धरलं. त्यानंतर गल्लीने पाणी ओतणं सोडलं ते सोडलंच.

आणि झुझिया? झुझिया त्याच आठवड्यात उठून बसली. कपभर दूध प्यायली, आईकडे पाव मागितला. ती मामाचंच पाणी प्यायली होती, आणि ती बरी झाली. एका तरी माणसाने बाजारात म्हणावं की नाही, की अरे, पोर जगली, मग तो आन्शेल? कोणी ब्र काढला नाही. डॉक्टर साथ ओसरल्यावर गाडीत बसून निघून गेला. म्हणे त्याला पदक मिळालं.

विहीर मात्र पायथ्याशीच राहिली आणि गाव टेकडीवरच. विष चालेल, पण बादली कोण उचलणार! महिन्याभराने पाद्रीबाबांची स्वयंपाकीण आमच्या दारात आली, इकडे तिकडे बघत. मामीने नवी कावड करून घेतली. पुढे माझं लग्न झालं, नवरा पोथीत डोकं खुपसून बसणारा, देवमाणूस पण कमाई शून्य, म्हणून मीही दुसरी कावड उचलली. वरच्या प्रत्येक घराने एक नवी रीत काढली. बादली उंबऱ्याशी ठेवली की बाई हातातला मग पुढे करायची. "आधी तू पी." आम्ही प्यायचो, त्या तोंडाकडे बघायच्या, मग आत घ्यायच्या. मामी प्यायली, ती जाईपर्यंत. मी प्यायले, पावसात, बर्फात, पोटात पोर असताना. रोज, प्रत्येक दारात. आमची पाणी ओतायची रीत त्यांना रानटी वाटली, आणि ही त्यांची रीत कोणालाच काही वाटली नाही. कास्परच्या घरीही पाणी जायचं. त्याची बायको मग भरायची तो काठोकाठ.

मामी गेली त्याला थोडे दिवस झाले होते. आपोलोनियाच्या दारातून हाक आली. ती आता म्हातारी, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली, चुलीपाशी बसून असायची. घर झुझिया चालवायची. लग्न झालेलं, कडेवर पोर, केस तसेच कणसाच्या तुऱ्यासारखे, पोराचेही तसेच. त्यांचा नेहमीचा पाण्याचा गडी आजारी होता म्हणून मला बोलावलेलं. मी चढ चढून आले, कावड टेकवली. झुझियाने मग पुढे केला. गोड आवाजात म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस हं मिर्ल, पोर लहान आहे. आधी तू पी."

झुझिया म्हणाली. मामीच्या हातचं पावाचं टोक खाल्लेली झुझिया. जिच्यासाठी माझा मामा मगामागून मग प्यायला, आणि जी जगली.

मी तिच्या हातातला मग घेतला. खाली ठेवला. एक बादली उचलली आणि तिच्या उंबऱ्यावर ओतली. दुसरी उचलली, तीही ओतली. पाणी उंबरा ओलांडून आत गेलं, चुलीपर्यंत.

"अगं ए, वेड लागलं का!" झुझिया किंचाळली. पोर रडायला लागलं.

पण आत म्हातारीच्या पायाला पाणी लागलं होतं. आपोलोनिया भिंतीला धरून उठली. अनवाणी पायांनी ओल चाचपत दारापर्यंत आली. तिने छातीवर क्रूस काढला, तसाच, पूर्वी काढायची तसा.

"मिर्ल," ती म्हणाली, "कोण गेलं गं?"

"आन्शेलमामा."

तिचा चेहरा पांढरा पडला. "अगं, तो तर... त्याला किती वर्षं झाली."

"हो," मी म्हटलं. "तुम्हाला कळवायचं राहून गेलं होतं."

ती उंबऱ्यावर, त्या पाण्यातच, बसली. झुझिया विचारत राहिली, "आई, काय झालं? कोण आन्शेल?" तिला नावही सांगितलेलं नव्हतं. मी थांबले नाही. सांगायचं तर आपोलोनियाने सांगावं. मी रिकाम्या बादल्या कावडीला अडकवल्या आणि विहिरीकडे उतरले. मामाने विचारलं होतं ना, परत भरणार कोण. भरायला कोणीतरी जायलाच हवं होतं.